परकी कोण : भाषा की शाळा?

२०२५ सालच्या उन्हाळ्यात भाषेवरून महाराष्ट्रात जे रण पेटले, त्याचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. १६ एप्रिलला शासनाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला ‘अनिवार्य’ हा शब्द काढून ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द घातला. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ५ जुलैला वरळीत विजयाचा मेळावा झाला.

त्या काळात वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. हिंदीच्या आक्रमणाविषयी, मराठी अस्मितेविषयी, बालमानसशास्त्राविषयी. त्यातले बरेचसे मला मान्य आहे. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचे ओझे घालू नये, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. परंतु एक गोष्ट मला त्या वेळीही खटकली आणि अजूनही खटकते. हिंदी हवी म्हणणारे आणि हिंदी नको म्हणणारे ह्या दोघांनीही इंग्रजीला हात लावला नाही. इंग्रजी दोघांनीही गृहीत धरली. जणू ती घरोघरी सारख्या वाट्याने पोहोचलेली वस्तू आहे! ज्या मुलाच्या तिसऱ्या भाषेवरून एवढे वादळ उठले, त्या मुलापर्यंत पहिल्या दोन भाषा पोहोचल्या आहेत काय, हा प्रश्न कोणत्याही व्यासपीठावरून विचारला गेला नाही. तो प्रस्थापितांचा प्रश्न नव्हता, म्हणून विचारला गेला नाही. तो आपला प्रश्न आहे, म्हणून आपण विचारला पाहिजे.

मी भायखळ्याच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. माझ्यासमोर बसणारी मुले आग्रीपाडा, घोडपदेव, माझगाव, कामाठीपुरा, मदनपुरा ह्या वस्त्यांतून येतात. व्याख्यान बरेचसे इंग्रजीत होते, शंका मराठीत किंवा हिंदीत विचारल्या जातात, उत्तरपत्रिका पुष्कळजण मराठीत लिहितात आणि ग्रंथालयातली नवी पुस्तके पुन्हा इंग्रजीत असतात. भाषाधोरण हे मंत्रालयात ठरते. त्याचा हिशेब माझ्या वर्गात होतो. ह्या हिशेबावरून मी जे म्हणणार आहे ते एवढेच, की आपल्याकडे भाषेचा वाद ‘कोणती भाषा’ ह्या प्रश्नापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. दलितांच्या बाजूने पाहिले तर खरा प्रश्न ‘कोणाच्या शाळेत, कोणत्या शिक्षकाकडून आणि कोणत्या कामासाठी’ हा आहे.

परकी म्हणजे कोणाला परकी?

‘परकी भाषा’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. जी भाषा देशाबाहेरून आली ती परकी, अशी त्याची सोपी व्याख्या आहे. ही व्याख्या आपल्या इतिहासाला लागू पडत नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना बाबासाहेबांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यावयाची होती. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणे शिक्षकाला मंजूर नव्हते. म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली, आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने शिकून घेतली. ही हकीकत आपण भाषणांतून अनेकदा ऐकलेली आहे, आणि तिच्यातला अन्याय सांगून आपण पुढे जातो. तिच्यातला दुसरा अर्थ आपण क्वचित पाहतो. ह्या भूमीतली म्हणून जिचा गौरव होतो, त्या भाषेचे दार बंद होते; जी इराणातून आली, ते दार उघडे होते. आणि शाळेचे माध्यम तर सातासमुद्रापलीकडचे! मग त्या मुलाला परकी भाषा कोणती होती? भूगोलाने सांगितलेले परकेपण आणि जातीने लादलेले परकेपण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले धोरणकर्ते पहिलीवर ग्रंथ लिहितात आणि दुसरीविषयी मौन पाळतात.

हे मौन जुने आहे. १८४०च्या दशकात मुंबई इलाख्यात शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला. सर एर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. नाना शंकरशेट आणि त्यांचे सहकारी देशी भाषांच्या बाजूने होते. शिक्षणाच्या इतिहासात हा वाद आवर्जून शिकवला जातो. पण त्यानंतर काही वर्षांनीच, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. त्या मुलाच्या दृष्टीने पेरी जिंकले की शंकरशेट, ह्याला काय अर्थ होता? आत कोणती भाषा शिकवतात हे कळण्यापूर्वीच तो दारातून परत फिरवला गेला. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी ह्या इलाख्यातल्या शिक्षणाचा सगळा इतिहास ह्याच अंगाने मांडला. शिक्षण प्रथम वरच्या वर्गांना द्यावे आणि ते खाली झिरपेल अशी वाट पाहावी, हे सरकारी धोरण होते, हे त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांवरून दाखवले.

भायखळ्याचा एक खटला

ह्या प्रश्नाचा स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खटला भायखळ्याशी नाते सांगतो, हे आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

१८१५ साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत एक संस्था निघाली. तिच्या मूळ नावातच ‘गरिबांच्या शिक्षणाचा प्रसार’ हे शब्द होते. गरीब म्हणजे कोण? मुख्यतः गोऱ्या आणि अर्धगोऱ्या सैनिकांची, नोकरांची गरीब व पोरकी मुले. हीच पुढची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. तिच्या शाळा भायखळ्याला आल्या. क्लेअर रोडवरची क्राइस्ट चर्च स्कूल तिचीच. १९२५ साली ह्याच संस्थेने देवळालीला बार्न्स स्कूल काढले.

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक वगळून इतर कोणाच्याही मुलाला यापुढे प्रवेश देऊ नये, असा तो हुकूम होता. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. बार्न्स स्कूलने हुकमाप्रमाणे मुले परत पाठवली. मग संस्था न्यायालयात गेली. तिच्यासोबत दोन पालकही गेले : एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी, ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी होती, आणि एक हिंदू डॉक्टर, ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नव्हती. उच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरवला, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. भाषेच्या कारणावरून सरकारी मदतीच्या शाळेत नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे संविधानाचे एकोणतिसावे कलम सांगते. मातृभाषेची किंवा राष्ट्रभाषेची वाढ व्हावी हा सरकारचा हेतू कितीही चांगला असो. हुकमाने मुलाला ज्या कारणावरून दारातून परत पाठवले, ते कारण न्यायालयाने पाहिले.

हा निकाल तत्त्व म्हणून मोठा आहे, आणि तो आपण आपलाच मानला पाहिजे. ‘तुझ्या भल्यासाठी तुला ह्या वर्गात घेत नाही’ असे राज्यसंस्थेने नागरिकाला म्हणू नये, हे त्याचे सार आहे. परंतु खटल्यातल्या पक्षकारांकडे पाहा. संस्था, लष्करी अधिकारी, डॉक्टर. गिरणीतला बदली कामगार, गोदीतला हमाल, महापालिकेचा झाडूवाला ह्या खटल्यात कुठेही नाही. त्याला त्या हुकमाने अडवले नव्हते, कारण फीने त्याला आधीच अडवले होते. सरकारी हुकमाचा अडसर न्यायालयाने काढला. फीचा अडसर तसाच राहिला, आणि तो काढण्यासाठी त्या वेळी कोणी न्यायालयात गेले नाही.

आठवी, पाचवी, पहिली

१९५४चा हुकूम एकटा आला नव्हता. खेर मंत्रिमंडळाच्या काळातच मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतली इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवण्यात आली होती. बाळासाहेब खेर हे मुख्यमंत्री होते आणि शिक्षणखातेही त्यांच्याकडेच होते. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. मातृभाषेतून शिकणे मुलाला सोपे जाते, हे शास्त्रही खरे आहे. पण धोरणाचे मोजमाप हेतूवरून करता येत नाही. ते कोणाच्या घरात कसे उतरले ह्यावरून करावे लागते. ज्याच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत होते, ज्याचा बाप कचेरीत इंग्रजी पत्रे लिहीत होता, त्या मुलाचे आठवीपर्यंत काही अडले नाही. त्याची इंग्रजी घरी चालू होती. ज्याच्या घरी शाळेखेरीज अक्षर नव्हते, त्याची तीन वर्षे तेवढी गेली. आणि महाविद्यालयाची, न्यायालयाची, वरच्या नोकऱ्यांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. जिना वरून तसाच ठेवायचा आणि खालच्या पायऱ्या काढायच्या, ही समता नव्हे.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आली. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली. मोरे यांच्या निर्णयाला मराठी साहित्यिकांनी, शिक्षणतज्ज्ञांनी कडाडून विरोध केला. बहुजनांच्या मुलाला इंग्रजी का नको, हा मोऱ्यांचा प्रश्न बिनतोड होता, आणि विरोधकांपैकी फार थोड्यांनी त्याला सरळ उत्तर दिले. तरीही ह्या निर्णयाचे पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे, कारण प्रश्न बिनतोड असला म्हणून उत्तर पुरे पडतेच असे नाही.

हे मी माझ्या घरातच पाहिले. माझे वडील महापालिकेत सफाई कामगार. घरात पदवी घेणारा मी पहिला. आम्ही दोघे भावंडे एकाच मराठी शाळेत शिकलो. मला इंग्रजी पाचवीत सुरू झाली. धाकट्या बहिणीला, ती २००० साली पहिलीत गेली म्हणून, पहिलीपासूनच. हिशेबाने ती माझ्या चार वर्षे पुढे असावयास हवी होती. मला पाचवीत जे मास्तर लाभले त्यांना इंग्रजी येत होती आणि शिकवण्याची हौस होती. त्यांनी आमच्याकडून रोज एक वाक्य बोलून घेतले. बहिणीच्या बाई मायाळू होत्या, पण इंग्रजी शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झालेली नव्हती. चार दिवसांचे प्रशिक्षण आणि एक पुस्तक एवढ्यावर त्यांना वर्गात उभे केले होते. चौथीच्या अखेरीस बहिणीला शंभरेक इंग्रजी शब्द येत होते. इंग्रजी वाक्य एकही येत नव्हते. त्या बाईंना मी दोष देत नाही. धोरणाने इयत्ता बदलली, शिक्षक बदलला नाही, हे मला म्हणावयाचे आहे. इयत्ता बदलायला एक शासननिर्णय पुरतो. शिक्षक घडवायला पैसा लागतो, आणि आपल्या मुलांसाठी पैसा काढण्याची वेळ आली की राज्यकर्त्यांना मातृभाषेचे शास्त्र आठवते.

हुकूम समजण्यापुरती भाषा

नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली आले. त्यात माध्यमिक टप्प्यावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा परदेशी भाषा शिकवता येतील असे म्हटले आहे. यादी मोठी भारदस्त आहे. ह्या भाषा कोणत्या शाळांत शिकवल्या जातात ते मुंबईतल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. खाजगी शाळांतली मुले फ्रेंच आणि जर्मन घेतात; कोणी गुणांची बेरीज वाढावी म्हणून, कोणी पुढे बाहेरच्या विद्यापीठात जायचे म्हणून. महापालिकेची शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी एवढ्या आठ माध्यमांतून चालते. एवढ्या भाषा एका छत्राखाली नांदवणारी दुसरी संस्था ह्या शहरात शोधून सापडायची नाही. पण तिथल्या मुलाला फ्रेंचचा एक तास मिळावा, असे कोणाला सुचले नाही.

मात्र २०२४ साली एक वेगळी गोष्ट घडली. महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे ठरले : परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री, नळकाम करणारे. त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च राज्य सरकार करणार. म्हणजे परकी भाषा आपल्या पोरांना फुकट शिकवता येते, हे सरकारने स्वतःच कबूल केले!

ह्या योजनेची मला टिंगल करावयाची नाही. गाव सोडून शहरात, देश सोडून परदेशात जाणे हा आपल्या माणसाच्या मुक्तीचा एक जुना मार्ग आहे. गोदी, रेल्वे, गिरणी आणि पलटण ह्यांनी आपल्याला गावकीतून सोडवले. एखादा वायरमन स्टुटगार्टला जाऊन ताठ मानेने जगत असेल तर त्यात वाईट काय? माझा प्रश्न भाषेपुरता आहे. त्याला जर्मन किती आणि कोणती शिकवणार? यंत्राचे नाव, वरिष्ठाची सूचना, रुग्णाची मागणी समजण्यापुरती भाषा पुरेशी, असे ठरवले तर ती हुकूम समजण्याची भाषा झाली. ‘करार’, ‘मजुरी’, ‘कामाचे तास’, ‘संघटना’, ‘तक्रार’ हे शब्द कोणत्या धड्यात येतात? येतात तरी काय? परदेशी जाणाऱ्या आपल्या तरुणाने आणि त्याच्या मागे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे विचारले पाहिजे. खाजगी शाळेतल्या मुलाला जर्मन शिकवताना तिथले साहित्य, तिथला इतिहास ह्यांचीही ओळख होते. आपल्या मुलापर्यंत ती भाषा आली की ती पान्याच्या मापाची होते. एकाच भाषेच्या ह्या दोन प्रती आहेत, आणि प्रत ठरवताना मुलाची कुवत पाहिलेली नसते. त्याची जागा पाहिलेली असते.

ह्यालाही आपल्या इतिहासात एक धडा आहे. कंपनीच्या आणि नंतरच्या इंग्रजांच्या पलटणीत शाळा होत्या. शिपायाला आणि त्याच्या मुलांना लिहिता-वाचता यावे, ही पलटणीची गरज होती. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. हुकूम वाचता यावा म्हणून दिलेली अक्षरे त्या घरात वेगळ्या कामाला लागली, आणि त्यातून काय उभे राहिले ते आपण जाणतो. म्हणून कामापुरती भाषासुद्धा मी नाकारणार नाही. परंतु रामजींच्या घरात पुस्तके होती, मुलाचा अभ्यास घेणारा बाप होता. कामापुरत्या भाषेच्या पलीकडे जाण्याची सोय कोणीतरी करावी लागते. ती सोय करणे हे शाळेचे काम, आणि शाळा करीत नसेल तर चळवळीचे.

आपल्या घरातला हिशेब

इथवर मी प्रस्थापितांविषयी लिहिले. आता आपल्याविषयीही लिहिले पाहिजे.

इंग्रजीविषयी आपल्या समाजात जी ओढ आहे ती आजची नाही. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’ मध्ये इंग्रजीवर कविता लिहिली. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ही ओढ न्याय्य आहे. ज्या भाषेत मनू नव्हता, त्या भाषेत श्वास घ्यावासा वाटणे हे गुलामाला स्वाभाविक आहे. परंतु ओढ आणि पूजा ह्यांत अंतर आहे. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावी चंद्रभान प्रसाद ह्यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर उभारावयास घेतले गेले. त्यामागचा संताप मला कळतो. तरी देवी म्हटली की पूजा आली, पूजा आली की पुजारी आला, आणि पुजारी आला की दक्षिणा आलीच. आपल्या गल्लीबोळांत आज जी ‘इंग्लिश मीडियम’ची पाटी दिसते, तिच्यामागे हा पुजारी बसलेला आहे. महिन्याच्या पगारातून फी भरताना आईबाप उपाशी राहतात. शिकवणारी मुलगी स्वतः नुकतीच बारावी झालेली असते. पोर ‘मे आय गो टू टॉयलेट’ म्हणू लागले की घर हरखते. आणि हेच पोर पंधरा वर्षांनी माझ्या वर्गात येते, तेव्हा फी परत मिळावी म्हणून प्राचार्यांना एक अर्ज ना इंग्रजीत लिहू शकते, ना मराठीत. दोन्ही भाषांत परके झालेले हे मूल कोणत्याही पाहणीत नापास दिसत नाही.

आणि जी मुले ह्या वाटेने खरोखर वर येतात त्यांचे काय? एक हुशार विद्यार्थिनी मला म्हणाली, “सर, ‘बलुतं’ वाचलं. काय लिहिलंय!” मी विचारले, कोणती आवृत्ती? तिने इंग्रजी भाषांतर वाचले होते, २०१५ साली आलेले. दया पवारांनी १९७८ साली लिहिलेला कावाखाना ह्या मुलीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो तिला इंग्रजीतून भेटला, कारण छापील मराठीची पानेच्या पाने वाचण्याची सवय तिला शाळेने लावली नव्हती. ती वाचते, ह्याचा मला आनंद आहे. तरी मनात एक भीतीही आहे. आपले जे काही लिहिलेले आहे, ‘गोलपिठा’पासून गावोगावच्या आत्मकथनांपर्यंत, ते मराठीत आहे. शाळेच्या प्रमाण मराठीने आपल्या बोलीला हसून दूर ठेवले, तेव्हा ह्या लेखकांनी ती बोली धाक न बाळगता कागदावर आणली. हे धन वाचणारी पिढीच आपण गमावली तर ते प्रस्थापितांच्या अभ्यासक्रमात, त्यांनी निवडलेल्या उताऱ्यांपुरते उरेल.

बाबासाहेबांपुढे हा पेच नव्हता असे नाही. त्यांनी रुपयाचा प्रश्न इंग्रजीत मांडला, आणि ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढले. फारसी शिकले, संस्कृत मिळवली, १९२०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत बॉनला जाऊन नाव नोंदवले आणि जर्मनही शिकले. राज्यसंस्थेशी तिला कळेल अशा भाषेत भांडायचे आणि आपल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायचे, ही त्यांची रीत होती. एक घेण्यासाठी दुसरी टाकावी लागते, हा समज त्यांच्या कोणत्याही कृतीत दिसत नाही.

एक किलोमीटर

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणखी एक दुरुस्ती केली. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर हे बंधन राहणार नाही, असा नवा नियम आला. मुंबईत अशी सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत नाही, असे ठिकाण किती सापडेल? म्हणजे दार बंदच! १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला.

१९५४ आणि २०२४ ह्या दोन सालांमध्ये सत्तर वर्षे आहेत. पहिल्या वेळी भाषेचे कारण सांगून दार लावले, दुसऱ्या वेळी अंतराचे. दोन्ही वेळा सरकारचे म्हणणे एकच होते : तुमच्यासाठी दुसरी शाळा आहे की! त्या दुसऱ्या शाळेत मात्र शिक्षक नेमायचे नाहीत, पट कमी झाला म्हणून ती दुसऱ्या शाळेत मिसळायची, आणि मग पालक मराठी शाळेकडे पाठ फिरवतात म्हणून अश्रू ढाळायचे. मराठी शाळा बंद पडते तेव्हा अस्मितेचे नुकसान होते, हे सर्वजण सांगतात. आपले दुहेरी नुकसान होते, हे कोणी सांगत नाही. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतूनच आपली पहिली शिक्षकांची पिढी, बिंदुनामावलीतून, नोकरीला लागली. कागदावर काहीही लिहिलेले असो, गल्लीतल्या विनाअनुदानित शाळेत ती वाट आपल्या शिक्षकाला लाभत नाही. शाळेबरोबर मुलाचा वर्ग जातो आणि शिक्षकाची खुर्चीही जाते.

मग मागायचे काय? माझ्या मते मागणी साधी असावी. पहिली, महापालिका, जिल्हा परिषद आणि आश्रमशाळा ह्यांतल्या प्रत्येक शाळेत इंग्रजीसाठी वेगळा, प्रशिक्षित, कायम शिक्षक असावा; पहिलीपासून की तिसरीपासून हा वाद त्यानंतर करू. दुसरी, मराठी माध्यम राहावे आणि ते गरिबाचे माध्यम म्हणून राहू नये. तिसरी, खाजगी शाळेतल्या मुलाला जी परदेशी भाषा शिकायला मिळते ती सरकारी शाळेतल्या मुलालाही मिळावी, आणि ती त्याच पूर्ण मापाने मिळावी. चौथी, परदेशी कामाला जाणाऱ्या तरुणाच्या भाषावर्गात कामगाराचे हक्क हा धडा सक्तीचा असावा. आणि जोवर हे मिळत नाही तोवर विहारातल्या, समाजमंदिरातल्या संध्याकाळच्या अभ्यासिका आपल्या हातात आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा तिथे इंग्रजी वर्तमानपत्रासाठी आणि मराठी पुस्तकांच्या कपाटासाठी काढायला शासननिर्णय लागत नाही. दोन शिक्षक आणि चार पदवीधर आठवड्यातून दोन संध्याकाळी बसले तर एका वस्तीचे काम होते. मी आमच्या भागात बसतो. पट वाढतो आहे.

समितीचे अहवाल येतील, शासननिर्णय निघतील आणि मागेही घेतले जातील. पुढच्या वेळी भाषेचा वाद पेटला की कार्यकर्त्यांनी दोन्ही व्यासपीठांना एकच प्रश्न विचारावा : ही भाषा शिकवणारा माणूस आमच्या शाळेत कोणत्या तारखेपासून येणार? उत्तर मिळेपर्यंत कोणाच्याही विजयाच्या मेळाव्याला जाण्याचे आपल्याला कारण नाही.